सुंभ, शिंके आणि सोफा : मांजराच्या नखांचा इतिहास

१/
वसई-विरारच्या एखाद्या गृहसंकुलात, मांजर पाळलेल्या घरी जाऊन पाहा. सोफ्याचा एक कोपरा हमखास फाटलेला असतो. कापडाचे धागे लोंबत असतात, आतला फोम डोकावत असतो आणि वर उभे, समांतर ओरखडे असतात. या कोपऱ्यावरून घरात वाद होतो. कोणी म्हणते, “हळूहळू शिकेल.” कोणी म्हणते, “पोत्यात घाला आणि खाडीपलीकडे सोडून या.” आजचा धागा त्या ओरखड्यांच्या इतिहासाविषयी आहे. तो सोपाऱ्याच्या बंदरातून, अमरावतीच्या प्लेगमधून आणि आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातून जातो.

२/
मराठीत म्हण आहे : सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सुंभ म्हणजे नारळाच्या काथ्याची वळलेली दोरी. ती जळून राख झाली तरी राखेत पीळ दिसतो. ही म्हण आपण हट्टी माणसासाठी वापरतो. पण मांजराला ती अधिक शोभते. माणसाने मांजराला रानातून कोठारात, कोठारातून माजघरात आणि माजघरातून सातव्या मजल्यावर आणले. नखांचा पीळ मात्र गेला नाही. तो का गेला नाही, हे समजले की त्या पोत्याची गरज उरत नाही.

३/
आधी नखांचे शास्त्र थोडक्यात. पुढच्या प्रत्येक पंजाला पाच आणि मागच्या प्रत्येक पंजाला चार, अशी मांजराला साधारणतः अठरा नखे असतात. नख थरांनी वाढते. बाहेरचा जुना थर तलवारीच्या म्यानासारखा सुटतो आणि आतून नवे, टोकदार नख बाहेर येते. केर काढताना सोफ्याखाली चंद्रकोरीच्या आकाराचे पांढुरके पापुद्रे सापडतात, ते हेच म्यान. मांजर नखांना “धार लावते” असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते जुने कवच टाकून देत असते.

४/
दुसरे कारण हद्दीचे. मांजराच्या पंजात गंधग्रंथी असतात. खरवडताना डोळ्यांना दिसणारी खूण आणि नाकाला कळणारा वास, असे दोन्ही मागे राहतात. राजे लोक सीमेवर शिलालेख कोरत, तसाच हा प्रकार. तिसरे कारण शरीराचे : झोपेतून उठल्यावर पुढचे पाय उंच टेकवून, नखे रोवून मांजर पाठीचा कणा आणि खांदे ताणते. म्हणून ओरखडे बहुधा झोपण्याच्या जागेजवळ किंवा घराच्या वर्दळीच्या वाटेवर आढळतात. यात सूड नाही, मस्ती नाही. ही रोजची गरज आहे.

५/
आता इतिहासाकडे. जगातील सर्व पाळीव मांजरांचे मूळ आफ्रिका आणि पश्चिम आशियातील एका रानमांजरात आहे, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. माणसाने शेती केली, धान्य साठवले; धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. कुत्र्याला माणसाने शिकवून तयार केले. मांजर आपल्या कामासाठी आले आणि राहिले.

६/
आपल्या उपखंडातील एक सुंदर पुरावा सिंध प्रांतातील चन्हुदडो येथे आहे. अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ मध्ये उत्खनन केलेल्या या सिंधू संस्कृतीच्या गावात एक वीट सापडली. ती ओली असताना तिच्यावरून एक मांजर पळाले आणि त्याच्यामागून एक कुत्रा. दोघांचे पंजे विटेत उमटले, वीट भाजली गेली आणि चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो पाठलाग टिकून राहिला. ज्याने ती वीट वाळत घातली होती, त्याने त्या क्षणी काय म्हटले असेल, याची कल्पना सोफ्याचा मालक सहज करू शकतो.

७/
आता आपल्या गावात येऊ. नालासोपारा म्हटले की आज गर्दीची लोकल आठवते. पण प्राचीन शूर्पारक हे पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरुड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही येथेच मिळाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याण आणि भडोच यांच्याबरोबर सोपाऱ्याचेही नाव आहे.

८/
या व्यापाराच्या दुसऱ्या टोकाला, तांबड्या समुद्राच्या काठी, इजिप्तचे बेरेनिके बंदर होते. भारतीय मालाची जहाजे तेथे लागत. तेथील मंदिरात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. त्याच बंदराबाहेर इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील प्राण्यांची एक दफनभूमी आहे. पुरातत्त्वज्ञांनी तेथे पाचशेहून अधिक मांजरांची दफने मोजली. त्यांना ममी करून देवाला वाहिलेले नव्हते. ती जपून पुरलेली होती आणि काहींच्या गळ्यात मण्यांच्या माळा किंवा पट्टे होते. त्यांच्या शेजारी भारतातून नेलेली माकडेही पुरलेली आढळली.

९/
यातून पुढे आलेला जनुकीय निष्कर्ष विलक्षण आहे. २०१७ साली दोनशेहून अधिक प्राचीन मांजरांच्या अवशेषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बेरेनिकेच्या अवशेषांत आशियाई रानमांजराचा वंशही मिळाला. हे रानमांजर राजस्थान-कच्छच्या कोरड्या प्रदेशात आजही आढळते. अभ्यासकांनी त्याचा संबंध हिंदी महासागराच्या व्यापाराशी जोडला. उलट दिशेने, इजिप्तमधील मांजरांचा वंश इराणच्या सिराफ बंदरापर्यंत आणि थेट बाल्टिक समुद्राकाठच्या व्हायकिंग वस्तीपर्यंत पोहोचल्याचे दिसले. मांजराच्या प्रवासाचे नकाशे व्यापारी जहाजांच्या नकाशांवर बसतात.

१०/
जहाजावर मांजर का? उत्तर सोपे आहे : उंदीर. ते धान्य खात, कापडाच्या गासड्या कुरतडत आणि दोरखंड तोडत. समुद्रात दोरखंड तुटणे म्हणजे शीड गमावणे. मांजर तेथे नोकरीला होते आणि पगार उंदरांच्या रूपात मिळत होता. आणि नखे? जहाज म्हणजे लाकूड आणि दोर. खरवडायला याहून चांगली जागा मांजराला मागूनही मिळाली नसती. तेथे त्याची नखे कोणाला खुपली नाहीत.

११/
भारतीय राज्यशास्त्रानेही मांजराची नोंद घेतली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात आठ दैवी आपत्ती सांगितल्या आहेत. आग, पूर, रोगराई, दुष्काळ यांच्याच पंक्तीत उंदीर आहेत! उपाय म्हणून मांजरे आणि मुंगूस मोकळे सोडावेत, असे तेथे म्हटले आहे. एवढ्यावर ग्रंथ थांबत नाही. या प्राण्यांना जो पकडेल किंवा मारेल त्याला १२ पण दंड सांगितला आहे आणि जो आपली कुत्री आवरणार नाही त्यालाही तोच दंड.

१२/
१२ पण म्हणजे किती? त्याच ग्रंथात राजसेवकांची वेतने दिली आहेत. सर्वांत खालच्या श्रेणीतील सेवकाला ६० पण मिळत आणि हे वेतन सर्वसाधारणपणे वार्षिक मानले जाते. म्हणजे महिन्याला पाच पण. मांजर मारण्याचा दंड अशा सेवकाच्या सुमारे अडीच महिन्यांच्या कमाईइतका होता. हा आकडा लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटाकडे आपण त्याची तुलना आजच्या कायद्याशी करणार आहोत.

१३/
उपयोग एवढा, तरी मांजराची कीर्ती मात्र संशयाची. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगातीरी तपश्चर्येचे सोंग करून उंदीर फस्त करणाऱ्या मांजराची कथा येते. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातील प्रचंड शिल्पपटावर एका पायावर उभे राहून तप करणारे मांजर आहे आणि त्याच्या पायाशी उंदीर. ढोंगी आचरणाला ‘वैडालव्रत’ हा शब्दच रूढ झाला. मराठीने हा वारसा पुढे नेला : मांजर डोळे मिटून दूध पिते आणि आडवे गेले तर काम बिघडते. तरीही घराघरात मांजर होतेच.

१४/
हे सहजीवन चालले कसे? त्याचा पुरावा ग्रंथांपेक्षा आजीच्या स्वयंपाकघरात अधिक मिळतो. तुळईला टांगलेले शिंके आठवा. दूध, दही, लोणी मांजराच्या उडीच्या वर ठेवण्यासाठी दोरीची केलेली ती सोय. “शिंके तुटले नि बोक्याचे फावले” या म्हणीत त्या घराचा सगळा कारभार आहे. घरच्यांनी मांजराचा स्वभाव बदलण्याची अपेक्षा केली नाही. त्यांनी भांड्याची जागा बदलली. इतिहासाने दिलेला हा पहिला धडा.

१५/
आणि नखे? वसईच्या वाडीतले जुने घर डोळ्यांपुढे आणा. कौलारू छप्पर, लाकडी खांब, पुढे ओटा, मागे पडवी, गोठा, भाताच्या पेंढ्याची उडवी, विहिरीवरचा दोर, आणि भोवती आंबा, फणस, नारळी, केळीची बाग. मांजर दिवसातून दहा वेळा आत-बाहेर करी आणि वाटेतल्या खोडावर नखे ओढी. अर्नाळा किंवा पाचूबंदरच्या कोळीवाड्यात तर होड्या, जाळी आणि दोरखंडच होते. खरवडण्याचा प्रश्न नव्हता, कारण खोडाला तक्रार करता येत नाही.

१६/
आता एक कमी सांगितले जाणारे प्रकरण. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढचा इतिहास आपण शाळेत शिकतो : पुण्यातील सक्तीच्या झडत्या, २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या, हाफकिन यांची लस. प्लेग नेमका पसरतो कसा, हे मात्र तेव्हा ठाऊक नव्हते. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों यांनी कराचीत प्रयोग करून सांगितले की उंदरावरील पिसू हा दुवा आहे. त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पुढच्या दहा वर्षांत मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेतील संशोधनाने ते सिद्ध केले.

१७/
उंदीर हा दुवा ठरताच एका डॉक्टरला मांजर आठवले. अँड्र्यू ब्युकॅनन हे भारतीय वैद्यकीय सेवेतील अधिकारी वऱ्हाडात, अमरावतीला होते. त्यांनी वस्त्यांमधील मांजरांकडे लक्ष दिले. जेथे घरोघरी भरपूर मांजरे होती, तेथे प्लेग कमी दिसतो, असे त्यांचे निरीक्षण. १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा लेख छापून आला. शीर्षकातच मांजर हे प्लेगचे निवारक असल्याचा दावा होता. त्याच वर्षी जपानच्या भेटीत रॉबर्ट कॉख यांनीही प्लेगवर उपाय म्हणून मांजरे पाळण्याचा सल्ला दिला.

१८/
येथे सावध राहिले पाहिजे. ब्युकॅनन यांचे निरीक्षण आकर्षक होते, पण मांजर हे लसीला पर्याय नव्हते. मांजराला स्वतःला प्लेग होऊ शकतो आणि त्याच्यापासून माणसालाही होऊ शकतो, हे आता आपल्याला ठाऊक आहे. तरीही एक योगायोग पाहा. अमरावतीचा लेख १९०८ चा. आणि १९०९ साली म्हैसूरमध्ये आर. शामशास्त्री यांनी अर्थशास्त्राची पहिली छापील आवृत्ती प्रसिद्ध केली. वऱ्हाडातील डॉक्टर जे नव्याने सुचवत होता, ते या जुन्या पोथीत आपत्तिनिवारणाचे कलम म्हणून आधीच लिहिलेले होते.

१९/
मग मांजराची नोकरी गेली कशी? पत्र्याचे डबे आले, सिमेंटच्या भिंती आल्या, उंदरांची औषधे आली, फ्रीज आला. शिंके नाहीसे झाले. मांजर कामगार राहिले नाही, सोबती झाले. अमेरिकेत या बदलाला एक तारीखही देता येते. १९४७ साली मिशिगनमध्ये एडवर्ड लोव यांनी राखेऐवजी शोषक मातीचे कण मांजराच्या विधीसाठी विकायला सुरुवात केली. त्यामुळे मांजराला चोवीस तास घरात ठेवणे सुसह्य झाले. पूर्णवेळ घरात राहणारे मांजर हा मोठ्या प्रमाणावर गेल्या पाऊणशे वर्षांतलाच प्रकार आहे.

२०/
वसई-विरारमध्ये हा बदल आणखी अलीकडचा आणि आणखी वेगवान. विरारहून मुंबईला पहिली गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी धावली, तरी पुढची शंभर वर्षे हा पट्टा प्रामुख्याने बागायतीचा राहिला. मग मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे उत्तरेकडे सरकली. इमारतींच्या रेट्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, तर २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. बागा गेल्या तेथे फ्लॅट आले. मांजर दोन्हीकडे तेच होते.

२१/
ती चळवळ झाडे आणि पाणी यांसाठी होती. मांजराचा त्यात विषय नव्हता. पण झाड गेले की त्याच्याबरोबर कितीतरी लहान सोयी जातात आणि त्यांची यादी कोणी करत नाही. मांजराचे खोड ही त्यातली एक. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उभी, घट्ट, खडबडीत आणि न हलणारी वस्तू कोणती? भिंती गुळगुळीत, फरशी गुळगुळीत, दार प्लायवूडचे. उरतो सोफा. मांजराने सोफा हेरून निवडला असे आपल्याला वाटते. खरे तर घरात तेवढेच एक खोड शिल्लक असते.

२२/
या प्रश्नावर विसाव्या शतकाने एक क्रूर उत्तर शोधले. १९५० च्या दशकात अमेरिकेत मांजराची नखे शस्त्रक्रियेने काढण्याची पद्धत पशुवैद्यकांत रुळू लागली. ‘नखे काढणे’ हा शब्द सौम्य आहे. नख ज्या हाडातून वाढते, ते प्रत्येक बोटाचे शेवटचे हाडच कापावे लागते. आपल्या बोटाचे शेवटचे पेर कापण्यासारखेच हे आहे. त्यानंतर कित्येक मांजरांना चालताना वेदना होतात आणि नखे नसल्याने काही मांजरे चावू लागतात. सोफा वाचतो. मांजराचा पंजा मात्र कायमचा जातो.

२३/
जगाने ही चूक हळूहळू ओळखली. १९८७ साली युरोपातील पाळीव प्राण्यांच्या संरक्षणाच्या करारात अशा शस्त्रक्रियेस मनाई झाली. अमेरिकेत २००३ मध्ये वेस्ट हॉलीवूड शहराने, आणि २०१९ मध्ये राज्य म्हणून प्रथम न्यूयॉर्कने बंदी घातली. इस्रायलने २०११ मध्ये कायदा केला. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात प्राण्याचे अवयव छाटणे हा गुन्हा मानला आहे. फर्निचर वाचवण्यासाठी पंजा छाटून मागणे या कायद्याच्या हेतूलाच धरून नाही.

२४/
आपल्याकडे शस्त्रक्रियेपेक्षा पोते अधिक प्रचलित. मांजराला पिशवीत घालून दूर सोडून येणे, ही जुनी रीत. वाडीत सोडलेले मांजर दुसऱ्या वाडीत उंदीर मारून जगे. पण जन्मापासून फ्लॅटमध्ये वाढलेल्या मांजराला ना शिकार ठाऊक, ना रस्ता. त्याच अकराव्या कलमानुसार, प्राण्याला उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत सबळ कारणाशिवाय सोडून देणे हाही गुन्हा आहे. आता दंड ऐका. कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये आहेत. कौटिल्याचे १२ पण आठवा. तेव्हाचा दंड अडीच महिन्यांच्या वेतनाएवढा, आजचा एका वडापावपासून सुरू होतो.

२५/
म्हणून दंडाच्या भीतीपेक्षा समज अधिक कामाची. आणि समज आपल्याकडे जुनीच आहे : शिंक्याची. स्वभावाशी भांडू नका, जागा बदला. मांजराला खोड परत द्या. त्यासाठी लागतो जुन्या लाकडाचा एक जाड वासा किंवा ओंडका, रुंद आणि जड तळ, आणि बाजारात मिळणारा सुंभ. वाशाभोवती सुंभ एकाला एक लागून घट्ट गुंडाळा आणि टोके खिळ्याने पक्की करा. खिळ्यांची डोकी दोरीच्या आत दबलेली हवीत. सुंभ नसेल तर गोणपाट चालेल. खांबाची उंची मांजराला पूर्ण ताणून उभे राहता येईल इतकी, म्हणजे साधारण तीन फूट असावी.

२६/
खांब हलता कामा नये. एकदा तो डगमगला की मांजराचा विश्वास उडतो. तो अडगळीच्या खोलीत ठेवू नका. सोफ्याचा जो कोपरा फाटला आहे, नेमका त्याच्या शेजारी किंवा मांजराच्या झोपण्याच्या जागेजवळ ठेवा. कारण ती हद्दीची खूण आहे आणि हद्द वर्दळीच्या वाटेवरच असते. सोफ्याच्या कोपऱ्यावर काही आठवडे दुहेरी चिकटपट्टी किंवा जाड प्लास्टिक लावा. मांजराने खांबावर नखे ओढली की लगेच आवडीचा घास द्या. काही मांजरांना आडवे खरवडणे आवडते. त्यांच्यासाठी काथ्याचे पायपुसणे पुरते.

२७/
मारू नका, ओरडू नका. मांजर शिक्षेचा संबंध सोफ्याशी जोडत नाही, तुमच्याशी जोडते. भ्यालेले मांजर हद्दीच्या खुणा वाढवते, म्हणजे ओरखडेही वाढतात. दोन-तीन आठवड्यांतून एकदा नखांची फक्त पारदर्शक टोके कापा. आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात, तेथे कात्री जाता कामा नये. हात बसला नसेल तर पहिल्यांदा पशुवैद्याकडून शिकून घ्या. लहान पिलांना पंजे हाताळण्याची सवय लावली, तर पुढे हे काम दोन मिनिटांचे होते.

२८/
माणसाला लागलेल्या नखांचेही सांगितले पाहिजे. मांजराच्या ओरखड्यातून होणाऱ्या ज्वराचे वर्णन १९५० मध्ये पॅरिसच्या रोबेर दब्रे यांनी केले आणि त्याचा जिवाणू १९९० च्या दशकाच्या आरंभी ओळखला गेला. याहून गंभीर धोका रेबीजचा. ओरखड्याने कातडी फाटली, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हळद-चुना लावून थांबू नका. मांजराचे लसीकरण वेळेवर करा. प्लेगच्या काळाने एक गोष्ट शिकवली : प्राण्यावरचे प्रेम आणि आरोग्याची काळजी एकाच घरात नांदावी लागते.

२९/
सारांश एवढाच. शूर्पारकाच्या काळातील जहाजावर मांजराला दोरखंड होता, वसईच्या वाडीत खोड होते, आजीच्या घरात लाकडी खांब होता. आपण या तिन्ही गोष्टी काढून घेतल्या आणि मग मांजराला खोडकर म्हटले. फाटलेला सोफा पाहून पुढच्या वेळी पोते काढावेसे वाटले, तर आधी बाजारात जाऊन सुंभाची एक गुंडी आणा. मांजराच्या नखांतला पीळ जाणार नाही. तो बसायला जागा मात्र तुम्ही देऊ शकता.

३०/
धागा येथे संपतो. तुमच्या आजी-आजोबांना विचारा : घरात शिंके कोठे टांगलेले होते, आणि मांजर नखे कोठे घासायचे? उत्तर खाली लिहा, गावाचे नाव लिहायला विसरू नका. अशा लहान आठवणी कोणत्याही दप्तरात नोंदलेल्या नसतात आणि त्या सांगणारी माणसे आज आपल्या घरातच आहेत.